मुलांचा कौल, मोठ्यांची यादी

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत आहे. गुरव मूर्तीच्या अंगावर फुलांच्या कळ्या वा पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि वाट पाहतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उत्तर देवाचे असते याविषयी भाविकाच्या मनात किंतु नसतो. परंतु प्रश्न देवाने काढलेला नसतो. तो गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या मनात उपजलेला आणि गुरवाच्या तोंडून बाहेर पडलेला असतो. विचारले त्यापलीकडे बोलण्याची सोय देवाला नाही. 'तुमचा प्रश्नच चुकला आहे' असे सांगण्यासाठी तिसरी कळी नसते.

दूरचित्रवाणीवरील एका विशिष्ट प्रकारच्या पुरस्काराचा उगम तपासताना या रीतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अमेरिकेतील निकलोडिअन या मुलांच्या वाहिनीने १९८७ साली 'द बिग बॅलट', म्हणजे 'मोठी मतपत्रिका', या नावाने एक सोहळा सादर केला. पुढील वर्षापासून तो 'किड्स चॉइस अवॉर्ड्स' या नावाने ओळखला जाऊ लागला. आवडता चित्रपट, आवडता नट, आवडता गायक मुलांनीच मते देऊन निवडावा, परीक्षक म्हणून मोठ्या माणसांनी मध्ये येऊ नये, अशी ही योजना. अनेक देशांत तिच्या आवृत्त्या निघाल्या आणि २०१३ साली ती भारतातही आली. तीमागील दावा आकर्षक आहे: मुलांसाठी जे निर्माण होते त्याचा निवाडा मुलांनीच करावा. हा दावा साहित्याच्या अभ्यासकांनी करमणुकीच्या व्यवसायातील एक युक्ती म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु आपल्याकडील बालसाहित्याच्या समीक्षेने, आणि त्याहूनही अधिक बालसाहित्याच्या पुरस्कारांनी, हाच प्रश्न इतकी वर्षे टाळला आहे की, त्याचे एक सदोष उत्तर ज्यांनी शोधले त्यांच्याकडे वळून पाहणे अगत्याचे ठरते.

या सोहळ्याचा उगम सामान्यतः १९८७ पासून सांगितला जातो. वस्तुतः तो दहा वर्षे मागे जातो. ओहायओ राज्यातील कोलंबस या शहरात वॉर्नर कंपनीने १ डिसेंबर १९७७ रोजी 'क्यूब' नावाची केबल-व्यवस्था सुरू केली. प्रेक्षकाला घरबसल्या उत्तर देता यावे हे तिचे वैशिष्ट्य होते. त्याच्या हाती दिलेल्या यंत्रावर उत्तरासाठी पाच कळा होत्या. पडद्यावर प्रश्न यावा, प्रेक्षकाने कळ दाबावी आणि क्षणार्धात साऱ्या शहराचा कौल पडद्यावर उमटावा, अशी ती सोय. याच व्यवस्थेवर 'पिनव्हील' नावाची मुलांसाठीची एक वाहिनी चालत असे आणि तिचेच १ एप्रिल १९७९ रोजी निकलोडिअनमध्ये रूपांतर झाले. मुलांची मते मोजणारी वाहिनी मते मोजणाऱ्या यंत्राच्या कुशीतच जन्मली, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु पाच कळांचे ते यंत्र पुढील साऱ्या इतिहासाचे बीज होते असे म्हणण्यास जागा आहे. सहावे उत्तर सुचलेल्या प्रेक्षकासाठी त्यावर कळ नव्हती.

आरंभीची काही वर्षे निकलोडिअनवर जाहिराती नव्हत्या. कार्यक्रम बोधप्रद असत, पालक व शिक्षक संतुष्ट होते, मुले मात्र फिरकत नसत. पानात वाढलेल्या कारल्याच्या भाजीकडे पाहावे तसे मुले त्या वाहिनीकडे पाहत असावीत. १९८४ च्या सुमारास जेराल्डिन लेबोर्न यांच्याकडे सूत्रे आल्यानंतर सारे पालटले. जाहिराती सुरू झाल्या, चिन्ह नारिंगी झाले आणि वाहिनीने उघडपणे मुलांचा पक्ष घेतला. घर मोठ्यांचे, शाळा मोठ्यांची, ही एक जागा तेवढी तुमची, अशी ती भूमिका होती. ही भूमिका सर्वस्वी दांभिक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मुलांना गंभीरपणे वागवणारे काही उत्तम कार्यक्रमही तिच्यातून निघाले. पण एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. मुलाला स्वतंत्र मताचा नागरिक म्हणून मान्यता देण्याची घटना आणि त्याला जाहिरातदारापुढे ग्राहक म्हणून उभे करण्याची घटना एकाच काळातली, एकाच कचेरीतली आहे. मुलाला काय आवडते हे जाणून घेण्याची निकड दोन्हींना सारखीच होती.

'द बिग बॅलट' या कार्यक्रमाच्या निर्मात्यांत अल्बी हेक्ट, अ‍ॅलन गुडमन आणि स्कॉट वेब यांची नावे घेतली जातात. मात्र तो ज्या मालिकेच्या पोटातून निघाला तिचे नाव फारसे कोणी घेत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तेच सर्वाधिक महत्त्वाचे आहे. 'रेटेड के: फॉर किड्स बाय किड्स' ही ती मालिका. अमेरिकेत चित्रपटांना वयोगटानुसार अक्षरांची प्रमाणपत्रे मिळतात. त्यांची थट्टा करीत मुलांनी स्वतःचे एक अक्षर घेतले होते. या मालिकेत मुलेच चित्रपटांची समीक्षा करीत. चित्रपट का आवडला, कोठे कंटाळा आला, कोणता प्रसंग खोटा वाटला, हे ती आपल्या शब्दांत सांगत. म्हणजे आधी होता तो बालसमीक्षक, आणि त्याच्यापासून जन्मला तो बालमतदार. वर्षभरातच मतदाराचा सोहळा थोर झाला आणि समीक्षकाची मालिका १९८८ नंतर उरली नाही. कारणे सांगणारे मूल मागे पडले, संख्येत मिसळणारे मूल पुढे आले. या अदलाबदलीची खंत कोणी व्यक्त केल्याचे दिसत नाही. सोहळ्याचा झगमगाट पाहता ते स्वाभाविकही होते. कारणांना टाळ्या मिळत नाहीत.

संख्येचा कौल कसा असतो याचे पहिल्याच वर्षाचे उदाहरण बोलके आहे. १९८८ च्या सोहळ्यात 'बेव्हर्ली हिल्स कॉप २' हा चित्रपट मुलांचा सर्वांत आवडता ठरला. त्या चित्रपटाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलाला पालकाच्या सोबतीवाचून तो पाहता येत नव्हता. जो चित्रपट मुलांसाठी नव्हता तोच मुलांनी शिरोधार्य मानला. यावरून मुलांची अभिरुची बिघडल्याचा निष्कर्ष काढणारे टीकाकार मुलांना ओळखत नाहीत असेच म्हणावे लागेल. मुले सर्वत्र मोठ्यांच्या जगाच्या फटीतून आत डोकावत असतात. मराठी घरांतून किती मुलांनी माळ्यावरच्या, 'तुझ्यासाठी नाही' म्हणून दूर ठेवलेल्या कादंबऱ्या वाचूनच वाचनाची गोडी लावून घेतली, याची गणती कोण करणार? तो कौल खरा असू शकतो. पण तो का, हे त्यातून कळत नाही. विनोदामुळे, धाडसामुळे, नायकाच्या बेमुर्वत बोलण्यामुळे, की केवळ निषिद्ध म्हणून? मतपत्रिकेवरच्या खुणेला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. शिवाय तो चित्रपट यादीत कोणी घातला, हा प्रश्न उरतोच. यादी वाहिनीची होती.

सोहळ्याच्या रंगरूपाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. १९९० पासून विजेत्याला नारिंगी हवाई जहाजाच्या आकाराचे चिन्ह मिळू लागले, आणि ते डोळ्याला लावले की शोभादर्शकाचे काम करते, ही कल्पना रम्य आहे. पुढे नामवंतांच्या अंगावर 'स्लाइम' म्हणजे हिरवा बुळबुळीत द्राव ओतणे हा त्याचा मुख्य विधी होऊन बसला. ही युक्ती मुळात कॅनडातील ओटावा येथे १९७९ साली सुरू झालेल्या 'यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन' या कार्यक्रमातली. बाख्तिनने राब्लेच्या संदर्भात मांडलेली 'कार्निव्हल'ची कल्पना येथे कोणालाही आठवेल: वरचा खाली, खालचा वर, राजाच्या डोक्यावर चिखल. मराठी वाचकाला त्यासाठी राब्लेपर्यंत जाण्याची गरज नाही, शिमगा त्याच्या परिचयाचा आहे. शिमग्यात कोणीही कोणाच्याही नावाने बोंब मारावी, आणि रंगपंचमी ओसरली की पाटील पुन्हा पाटील व्हावा. ज्या नटावर द्राव ओतला जातो तो दुसऱ्या दिवशी अधिकच मोठा नट झालेला असतो, आणि ओतणाऱ्या मुलाला पुन्हा गृहपाठाला बसावे लागते.

त्याच १९८८ साली या वाहिनीने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर मुलांचे स्वतंत्र मतदानही सुरू केले. तेव्हापासून दर चार वर्षांनी ते होत आले आहे. २०२० मध्ये त्यात स्वयंचलित यंत्रणेने टाकलेली एक लाखाहून अधिक बनावट मते शोधून रद्द करावी लागली. मत देणारा मूल आहे की प्रौढ, एक आहे की सहस्र, माणूस आहे की यंत्र, हे सांगण्याची शक्ती मोजणीच्या पद्धतीत मुळातच नसते. येथवर आले म्हणजे 'मुलांचा कौल' या शब्दांतील पहिला शब्दही डळमळू लागतो.

तरीही मुलांच्या निवडीची कल्पना त्याज्य ठरत नाही. तिला दूरचित्रवाणीहून जुने आणि अधिक सभ्य कुळ आहे. सिॲटलमधील हॅरी हार्टमन या ग्रंथविक्रेत्याच्या सूचनेवरून वायव्य अमेरिकेतील ग्रंथालय-संघटनेने १९४० साली 'यंग रीडर्स चॉइस अवॉर्ड' सुरू केले. नामांकित पुस्तकांपैकी किमान दोन वाचलेल्या मुलालाच मत देता येते, हा तेथील साधा नियम साऱ्या व्यवहाराची जात बदलून टाकतो. ज्याने वाचले त्याने बोलावे. अठरा वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, सुरू झालेले न्यूबेरी पदक ग्रंथपाल देत आले आहेत, आणि दोन्ही पुरस्कार एकमेकांना न हटवता आपापल्या जागी चालू आहेत. जाणकारांचा निवाडा आणि मुलांचा निवाडा ही परस्परांची पर्यायी रूपे आहेत, असे मानण्याची गरज त्या ग्रंथपालांना वाटली नाही.

याहून वेधक उदाहरण पोलंडचे आहे. तेथे १९६८ साली 'कूरियर पोल्स्की' या वृत्तपत्राच्या पुढाकाराने 'स्मितपदक' स्थापन झाले. त्याची कल्पना वांडा खोतोम्स्का या बालसाहित्यिकेची. मुलांच्या निजेच्या वेळी दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या बाहुल्यांच्या कार्यक्रमाचे लेखन त्या करीत. पदकावरील हसऱ्या सूर्याचे चित्र नऊ वर्षांच्या एका मुलीने काढलेले होते आणि ते मुलांनी पाठविलेल्या सहस्रावधी चित्रांतून निवडले गेले. पहिला मान मिळाला तो पोझनान येथील अस्थिशल्यविशारद विक्टर देगा यांना. ज्यांची हाडे त्यांनी सरळ केली त्या मुलांना ते आठवले असतील यात नवल नाही. पदक स्वीकारताना मानकऱ्याने पेलाभर लिंबाचा रस प्यावयाचा आणि तो पिताना हसतमुख राहावयाचे, असा विधी आहे. नटाच्या अंगावर द्राव ओतण्यापेक्षा हा खेळ कितीतरी मार्मिक आहे, कारण मोठ्या माणसाला तो काही करावयास लावतो.

पोलंडच्या या रीतीत अंतिम निर्णय प्रौढ सदस्यांच्या मंडळाकडे आहे, त्यामुळे लोकशाहीच्या काटेकोर मोजपट्टीने ती अमेरिकी सोहळ्याहून उणी भरेल. परंतु नाव सुचविण्याचा अधिकार केवळ मुलांना आहे. मुलाने पत्र लिहावे, हे माणूस मला का आवडते ते सांगावे, आणि मग मंडळाने विचार करावा. अमेरिकी सोहळ्यात यादी मोठ्यांची आणि खूण मुलांची. पोलंडमध्ये यादी मुलांची आणि शिक्का मोठ्यांचा. या दोहोंपैकी मुलाचे स्वातंत्र्य कोठे अधिक, याचे उत्तर मते मोजून मिळणार नाही. ज्याला प्रश्न घडवता येतो त्याच्या हाती सत्ता असते, हे गुरवाला ठाऊक आहे, आणि वाहिनीच्या चालकांनाही. पत्र लिहिणारे मूल, मग ते अशुद्ध का लिहीना, कारण देते. 'रेटेड के'मध्ये बोलणाऱ्या मुलाचे ते भावंडच होय.

भारतात मुलांच्या निवाड्याला थोडीफार जागा मिळाली ती चित्रपटांच्या क्षेत्रात. १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीने १९७९ पासून मुलांच्या चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविला आणि त्यातील 'सुवर्णगज' पुरस्कारांसाठी प्रौढ परीक्षकांच्या जोडीला मुलांचेही परीक्षकमंडळ बसू लागले. मुलांनी चित्रपट सलग पाहावयाचे, आपसांत वाद घालावयाचा आणि मग निर्णय द्यावयाचा, ही पद्धत मतमोजणीहून निराळी आहे हे सांगावयास नको. इटलीतील जिफोनी या गावी १९७१ पासून असेच चालत आले आहे. मराठीपुरते बोलायचे तर सई परांजपे यांनी दोन वेळा बालचित्र समितीचे अध्यक्षपद भूषविले, हे येथे नमूद करणे योग्य होईल. ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. विलीनीकरणाच्या समर्थनार्थ काटकसरीचे युक्तिवाद पुष्कळ ऐकू आले. परीक्षकांच्या खुर्चीवर बसलेल्या त्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच कोणी विचारला असेल.

मराठीत बालप्रेक्षकाचा निवाडा सर्वांत स्पष्ट ऐकू आला तो नाट्यगृहात. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर'ची स्थापना केली आणि रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आले. मतकरींनी पुढे स्वतःच्या संस्थेतून बालनाट्याचा प्रपंच अनेक वर्षे चालविला. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण एकेकाळी दिलीप प्रभावळकरांनी गाजविली. २०१८ साली तेच नाटक वैभव मांगले यांच्या चेटकिणीसह पुन्हा आले आणि नव्या पिढीनेही ते डोक्यावर घेतले. बालनाट्याचा प्रेक्षक टाळी राखून ठेवत नाही की सौजन्याने जांभई दाबत नाही. नायकाच्या मागून चेटकीण येते तेव्हा तो ओरडून त्याला सावध करतो, आणि प्रसंग रेंगाळला तर खुर्चीवर उभा राहून आईकडे खाऊ मागतो. अनुभवी नट या गोंगाटावरून आपली लय सुधारतो. कोणती वाक्ये उरतात, कोणती गळतात, हे प्रयोगागणिक मुलेच ठरवीत असतात. हा निवाडा कोठेही नोंदला गेला नाही, त्याला चिन्ह नव्हते आणि सोहळाही नव्हता. पण त्यात कारणे होती, आणि ती ज्या क्षणी सुचली त्याच क्षणी दिली जात होती. मराठी नाट्यसमीक्षेने बालनाट्याच्या संहितांवर जितके लिहिले त्याच्या दशांशानेही या प्रेक्षकाविषयी लिहिलेले नाही.

दूरचित्रवाणीने मराठीत नेमके उलट घडविले. झी मराठीवरील 'सा रे ग म प'चे २००८-०९ मधील 'लिटिल चॅम्प्स' पर्व महाराष्ट्राने ज्या उत्कटतेने पाहिले तशी उत्कटता मराठी दूरचित्रवाणीच्या वाट्याला क्वचितच आली. आळंदीच्या कार्तिकी गायकवाडने ते पर्व जिंकले. तिच्याबरोबर अंतिम फेरीत आलेली चारही मुले आज संगीताच्या क्षेत्रात ओळखीची आहेत, त्यावरून त्या निवडीचा दर्जा ध्यानात येतो. पण तेथे मुले होती ती मंचावर. कौल आला तो भ्रमणध्वनीवरील संदेशांतून, आणि संदेश पाठविणाऱ्याचे वय मोजणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्या काळी भ्रमणध्वनी कोणाच्या हाती असत हे आठवले म्हणजे पुरे. निकालानंतर घराघरांतून झालेल्या चर्चेत गाण्याविषयी जितके बोलले गेले त्याहून अधिक कोणत्या गावाने किती संदेश पाठविले याविषयी बोलले गेले. मुलांनी मोठ्यांसाठी गावे आणि मोठ्यांनी मुलांना गुण द्यावेत, ही शाळेचीच रीत नव्या वेशात परत आली.

आता साहित्याकडे वळावयाचे. साहित्य अकादमीने २०१० पासून चोवीस भाषांत बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आणि त्यायोगे या उपेक्षित प्रांताला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली, याबद्दल अकादमीचे ऋण मान्य करावयास हवे. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप. मराठीत माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली, रत्नाकर मतकरी यांना २०१८ साली आणि संगीता बर्वे यांना २०२२ साली हा सन्मान मिळाला, आणि तो अस्थानी होता असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप व्यक्तींविषयी नाही. पुस्तके सुचविणारे प्रौढ, परीक्षक प्रौढ, सन्मानपत्र लिहिणारे प्रौढ. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले तो या साऱ्या प्रक्रियेत कोठेच नाही. ग्रामीण साहित्याच्या पुरस्कारसमितीत खेड्याशी संबंध नसलेलीच माणसे बसविली तर निषेधाची पत्रे येतील. दलित साहित्याच्या बाबतीत तर असे आज कोणी मनातही आणू धजणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र हे इतके स्वाभाविक वाटते की, ते डोळ्यांत भरतच नाही. अर्थात मुले पत्रे लिहून निषेध करीत नाहीत. ती पुस्तक मिटून ठेवतात.

'मुलांना काय कळते' हा यावरील नेहमीचा प्रत्युत्तराचा सूर. तो खरा मानला तर ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांचे चिरंजीवित्व कोणाच्या खाती मांडावयाचे? फुरसुंगीच्या बनेश फेणेला कोणा समितीने मोठे केलेले नाही. शाळेच्या ग्रंथालयातील त्या पुस्तकांच्या कडा झिजल्या, शिवण सुटली, पाने गळाली, आणि एका मुलाने दुसऱ्याला 'हे वाच' म्हटले. मूल्यमापनाचा हा पुरावा समीक्षकाने निदान विचारात घ्यावयास हवा. याउलट, मुलांच्या आवडीलाच अंतिम प्रमाण मानणारा पक्षही तितकाच एकांगी आहे, आणि अमेरिकी सोहळ्याचा इतिहास हेच सांगतो. आवड ही हाती आलेल्या वस्तूंतून घडते. जे कधी पुढे आलेच नाही ते आवडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

लखनौच्या उत्तरेस, सीतापूर रस्त्याच्या अंगाने पसरलेल्या जानकीपुरमचे उदाहरण या दृष्टीने घेता येईल. लखनौ विद्यापीठाचा नवा परिसर याच भागात आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने परप्रांतीय कुटुंबांची ये-जा अशा वस्तीत असतेच. लखनौला मराठी माणूस नवा नाही. भातखंडे यांनी १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय उभे केले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ सांभाळले. आज जानकीपुरममध्ये वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलाची कल्पना करावी. घरी तो आईशी मराठी बोलतो, अंगणात हिंदी, शाळेत इंग्रजी. पडद्यावर त्याला मोटू आणि पतलू भेटतात, जपानी डोरेमॉन हिंदीत भेटतो. मोटू-पतलू मुळात 'लोटपोट' या हिंदी मासिकाच्या पानांवरचे, २०१२ पासून ते निकलोडिअनच्या पडद्यावर आले. मासिक वाचणाऱ्या मुलांनी जी पात्रे दीर्घकाळ जिवंत ठेवली तीच वाहिनीला उपयोगी पडली, हे येथे जाता जाता नोंदवावयास हवे. या मुलापुढे आवडत्या कार्यक्रमाची मतपत्रिका ठेवली तर तो आनंदाने खूण करील, आणि ती खूण प्रामाणिक असेल. पण तीत त्याच्या मातृभाषेचे एकही नाव असण्याचे कारण नाही. त्याने मराठी नाकारली असा अर्थ त्यातून काढणे चूक होईल. त्याला मराठीविषयी कोणी विचारलेलेच नाही.

अशा मुलाचे मत मागावयाचे झाले तर ते कोणत्या रूपात मागावे, हा व्यवहारी प्रश्न उरतो. साहित्य अकादमीने मतपेट्या ठेवाव्यात असे येथे सुचवावयाचे नाही. शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेली नावे शाळाशाळांतून एकगठ्ठा येतील हे कोणीही सांगू शकेल. परंतु प्रत्येक भाषेच्या प्राथमिक यादीपूर्वी त्या भाषेतील काही शाळांच्या व सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागांकडून मुलांची टिपणे मागविणे अशक्य नाही: पुस्तक कोणते, कोठे थांबावेसे वाटले, कोणाला वाचावयास दिले. यादीत एकदोन पुस्तके केवळ या टिपणांच्या बळावर यावीत आणि परीक्षकांनी ती टिपणे वाचल्याची नोंद व्हावी. निर्णय परीक्षकांचाच राहील. भाषेच्या प्रदेशाबाहेरील मराठी मुलांचीही टिपणे त्यात असावीत, मग ती बडोद्याची असोत, इंदूरची असोत वा लखनौची. त्यांचे मराठी अडखळणारे असेल, कदाचित देवनागरीत हिंदी वळणाने लिहिलेले असेल. भाषेच्या अभ्यासकाला त्या अडखळण्यातूनही पुष्कळ कळू शकेल.

यात एक अडचण आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. टिपण लिहावयाचे तर आधी पुस्तक हाती यावे लागते. पुण्यात छापलेले मुलांचे पुस्तक नागपूरला सुखरूप पोचेल याची जेथे खात्री देता येत नाही, तेथे ते जानकीपुरमला पोचण्याची वाट पाहणे धाडसाचे आहे. पुरस्कारप्राप्त पुस्तकांच्या काही प्रती इतर प्रांतांतील मराठी मंडळांना आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठविण्याची तरतूद पुरस्काराच्या खर्चातच करता येईल. खर्च फार येणार नाही. पहिल्या वर्षी एकही टिपण परत आले नाही, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवावयाची.